खात्यापित्या घरात रक्त कमी कसं?

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. भांडुपला राहते, फोर्टमध्ये नोकरी करते. उंची पाच फूट एक इंच, वजन ८२ किलो. थायरॉइडची गोळी चार वर्षं चालू आहे, शुगर काठावर आहे म्हणून तीन वर्षं मेटफॉर्मिन, आणि पित्ताची गोळी रोज सकाळी. सारखा दम लागतो, केस मूठमूठ गळतात, स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागतं. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.६, फेरिटिन ४१, ड जीवनसत्त्व १२, बी-१२ १९८, टीएसएच ७.४ आलं. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, सगळं ठीक होईल. आयर्न आणि कॅल्शियमच्या गोळ्या सहा महिने घेतेय, आकडा हलत नाही. पालक, बीट, खजूर सगळं खाते. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी हसतात, "तुला कसला अशक्तपणा?" सासूबाई विचारतात, "एवढं खातेस ते जातं कुठे?" ओळखीच्या जिमवाल्याने आतडी साफ करायची पावडर दिलीय, ३,४०० रुपयांची. धाकटा दीर वजनाचं इंजेक्शन घेतो, तो म्हणतो तूही घे. माझं आतडं काम करत नाही का? आयर्नची गोळी दुप्पट करू का? आणि माझी चौदा वर्षांची मुलगीही अंगाने भरलेली आहे, तिचंही असंच होईल का?
— एक भांडुपकर

उत्तर : ताई, त्या पावडरचं सील फोडलं नसेल तर आधी ती परत करा. लहान आतड्याच्या आतलं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी आपलं आपण नवं होतं. जुन्या पेशी गळून शौचावाटे निघून जातात. तिथे वर्षानुवर्षांचा मळ साचलेला नसतो, तेव्हा साफ काय करणार? अशा पुष्कळ पावडरींत सोनामुखीसारखं रेचक असतं. दोन दिवस पोट हलकं वाटतं ते त्यामुळे.

आता तुमच्या सासूबाईंचा प्रश्न. तो त्यांनी टोमण्यात विचारला असला तरी प्रश्न म्हणून अगदी रास्त आहे. खाल्लेलं जातं कुठे? तुमच्या बाबतीत उत्तर असं, की साखर आणि स्निग्ध पदार्थ आतड्यातून बिनबोभाट आत जातात आणि लोह दारात अडतं. आतडं दोन्ही कामं शरीराच्या हुकमाप्रमाणेच करतंय. बिघाड आहे तो हुकमात.

जाड माणूस म्हणजे पोसलेला माणूस, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय, की डॉक्टरांच्या डोक्यातूनही ते जात नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला, आणि २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. या दोन वेगवेगळ्या बायका आहेत असं आपण धरून चालतो. एक पाड्यावरची, एक टॉवरमधली. प्रत्यक्षात ती एकच बाई असू शकते, आणि सकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसलेली असते.

लहान आतडं म्हणजे नुसती नळी नव्हे. आतल्या सुरकुत्या आणि केसांसारखे उंचवटे सपाट करून मोजले तर साधारण ३० चौरस मीटर भरतात. मुंबईकराला चौरस फुटांत सांगायचं तर सव्वातीनशेच्या आसपास. आणि यातल्या प्रत्येक भागाचं काम ठरलेलं आहे. लोह मुख्यतः पहिल्या जेमतेम वीतभर तुकड्यात शोषलं जातं. कॅल्शियमसाठी शरीर जी खास यंत्रणा वापरतं, तीही तिथेच. बी-१२ मात्र पार शेवटच्या टोकाला. वजनासाठी बायपास शस्त्रक्रिया केलेल्यांत अन्न तो पहिला तुकडा टाळून पुढे जातं. म्हणूनच त्यांना लोह आणि कॅल्शियम आयुष्यभर वरून घ्यावं लागतं.

शिवाय हे आतडं स्वतःच हॉर्मोन तयार करतं. किंबहुना जगात हॉर्मोन म्हणून ओळखलं गेलेलं पहिलं रसायन लहान आतड्यातलंच : सिक्रेटिन, १९०२, लंडन. जेवणातला तूप-तेलाचा अंश पहिल्या तुकड्यात पोचला की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात. पित्ताशय आकुंचन पावतं, स्वादुपिंडातून पाचक रस येतो, जठर जरा दमानं रिकामं होतं आणि मेंदूला 'पुरे' असा निरोप जातो. अन्न पुढे सरकलं की खालच्या भागातून जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन सुटतं. तेही जठराला थोपवतं, भूक उतरवतं, इन्सुलिन वाढवतं. लठ्ठपणात हे निरोप क्षीण होतात. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अतिलठ्ठ आणि सडपातळ माणसांच्या आतड्यात सारखंच ग्लुकोज सोडून पाहिलं. लठ्ठ माणसांत ते जास्त वेगानं रक्तात गेलं, कारण साखर आत ओढणारी वाहक प्रथिनं त्यांच्या आतड्यात वाढलेली होती. जीएलपी-१ मात्र कमी सुटलं. म्हणजे शेजारणीने आणि तुम्ही एकच साबुदाणा खिचडी खाल्लीत तरी रक्तातला हिशेब सारखा निघेलच असं नाही.

लोहाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे, आणि तुमच्या सगळ्या तक्रारींचं मूळ मला तिथे दिसतं.

जादाचं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. एकदा आत आलं की आलं. म्हणून सगळा बंदोबस्त आत येण्याच्या दारावर. रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह आत घेतलं जातं, आणि किती घ्यायचं हे यकृत ठरवतं, हेपसिडिन नावाच्या हॉर्मोनमधून. त्याची ओळख पटून पाव शतकच झालंय, त्यामुळे ज्यांचं शिक्षण त्याआधी झालं त्यांच्या तोंडून हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. हेपसिडिन वाढलं की आतड्याच्या पेशीचं रक्ताकडे उघडणारं दार बंद होतं. लोह पेशीत शिरतं खरं, पण पुढे जाऊ शकत नाही. तिथेच पडून राहतं आणि चार दिवसांनी ती पेशी गळते तेव्हा तिच्याबरोबर शौचात जातं. सासूबाईंना सांगा, जातं ते असं.

यकृत असा हुकूम का काढतं? जंतूंना वाढायला लोह लागतं. संसर्ग झाला की शरीर लोहाची वाट बंद करून जंतूंची रसद तोडतं. तापात हे शहाणपणाचंच आहे. पण चरबी, विशेषतः पोटाच्या आतली, स्वस्थ बसून नसते. तीही थोडी थोडी दाहजनक, म्हणजे सूज आणणारी, रसायनं रक्तात सोडत राहते, इंटरल्युकिन-६ हे त्यातलं एक. यकृताला वाटतं, कुठेतरी संसर्ग चालू आहे. सोसायटीत एकदा चोरी झाली म्हणून कमिटीने गेट बंद करायला सांगितलं, आणि वर्ष उलटलं तरी वॉचमन कामवाल्या मावशींना परत पाठवतोय, तसलाच प्रकार. चोर नाही, बंदोबस्त मात्र चालू.

यामुळेच तुमचं फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा आकडा, ४१ असणं फसवं आहे. लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच्या रकान्यात बसतं, आणि 'लोहाचा साठा आहे की' असं कुणालाही वाटेल. पण अंगात दाह असला की फेरिटिन आपोआप वर चढतं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची सूचना अशी, की निरोगी प्रौढात १५ च्या खाली फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता, पण संसर्ग किंवा दाह असेल तर ७० च्या खालीही कमतरता समजावी. तेव्हा पुढच्या वेळी फेरिटिनबरोबर सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी तपासणी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वाहतं लोह किती ते) करून घ्या. माझा अंदाज, तुमचा साठा रिकामा आहे.

गोळी दुप्पट करू का, असं विचारलंत. नका करू. लोहाचा मोठा डोस घेतला की हेपसिडिन आणखी चढतं आणि साधारण दिवसभर चढलेलं राहतं. म्हणजे आजची गोळी उद्याच्या गोळीची वाट अडवते. झुरिकमधल्या संशोधकांनी २०१७ साली लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांना ६० मिलिग्रॅमच्या गोळ्या दोन पद्धतींनी दिल्या, रोज आणि एक दिवसाआड. रोज घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेणाऱ्यांत जवळजवळ २२ टक्के. दुप्पट डोसाने तुमच्या पदरात पडेल ती मळमळ आणि बद्धकोष्ठ. शौच काळी होते म्हणून गोळी 'लागू पडतेय' असा एक समज आहे. उलट ते न शोषलेलं लोह असतं. (गोळी बंद असतानाही काळी आणि डांबरासारखी चिकट झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, ते पोटात रक्त जात असल्याचं लक्षण आहे.) दिवसाआडचा बदल तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. ही पद्धत आता बऱ्याच जणांना माहीत आहे.

आता एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. ती मला सगळ्यात आधी विचारायची होती. पाळीत किती जातं?

चव्वेचाळिसाव्या वर्षी पाळी अंगावर जास्त जाणं फार सर्रास आहे, आणि बायका ते 'आता वयच झालं' म्हणून सोडून देतात. दर २ मिलिलिटर रक्तामागे साधारण १ मिलिग्रॅम लोह जातं. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त गेलं तर ते वैद्यकाच्या भाषेत अतिस्राव. म्हणजे ४० मिलिग्रॅम लोह एका फटक्यात. आणि दारातून महिनाभरात येणार ते सगळं मिळून ३० ते ६०. दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, गुठळ्या पडतात का, सात दिवसांच्या वर चालतं का, रात्री उठावं लागतं का, हे लिहून काढा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफी लागली तर करा. टीएसएच वाढलेला असला, म्हणजे थायरॉइड कमी पडत असलं, तरी पाळी जास्त जाऊ शकते. सगळं खापर चरबीवर फोडून मोकळं व्हायची डॉक्टरांची सवय मला माहीत आहे. नळ गळत असताना टाकी का भरत नाही यावर चर्चा करण्यात अर्थ नाही.

पाळीत काही निघालं नाही तर एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची आणि सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर झिजण्याच्या आजाराची, तपासणी करून घ्यायला सांगा. दोन्हींत लोह शोषलं जात नाही.

आणि आता तुमची सकाळ. पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही गोळ्यांच्या वेळा लिहिल्यात ते फार बरं केलंत, कारण अर्धं उत्तर त्या पानावरच आहे. साडेपाचला उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, 'घशाखाली उतरावी म्हणून' चहाच्या घोटाबरोबर. लगेच पित्ताची गोळी. दुपारी एकला डबा खाऊन झाला की आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही एकदम, 'नंतर विसरायला होतं म्हणून', आणि त्यावर कँटीनचा चहा. रात्री जेवताना मेटफॉर्मिन.

ताई, या वेळापत्रकात एकाही गोळीला दुसरीने धड जागा दिलेली नाही. थायरॉइडची गोळी लहान आतड्यातच शोषली जाते आणि तिला रिकामं पोट लागतं. चहा-कॉफी, दूध, लोह, कॅल्शियम यांतलं काहीही तिला धरून ठेवतं. कॅल्शियम लोहाला अडवतं. चहातले टॅनिन लोहाला बांधून टाकतात. आणि पित्ताची गोळी जठरातलं आम्ल कमी करते. ते आम्ल लोह विरघळायला लागतं, अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला लागतं, थायरॉइडच्या गोळीलाही लागतं. तुमचा टीएसएच ७.४ आहे म्हणून डोस वाढवायचं चाललंय असं लिहिलंत. आधी चहा बाजूला करून सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहा. मग डोसाचं ठरवू द्या. थायरॉइड ग्रंथीत हॉर्मोन बनवणाऱ्या विकरालाच लोह लागतं, हाही यातला एक पेच आहे.

मी असं सुचवेन. साडेपाचला थायरॉइडची गोळी, फक्त पाण्याबरोबर. मग पाणी भरा, कणीक मळा, डबे करा, चहा साडेसहाला. तासभर चहाशिवाय मुंबईतली बाई उभी राहू शकते का, असं तुम्ही म्हणाल. पंधरा दिवसांत सवय होते. लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास तरी लांब हवी, आणि लोह दुपारपेक्षा सकाळी बरं शोषलं जातं. तेव्हा ती ऑफिसात टेबलाशी बसल्यावर, दहाच्या सुमारास, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. साखर घालू नका. त्या दिवशीचा अकराचा चहा अर्धा तास पुढे ढकला. जेवणानंतरचा चहा रोजच तासभर लांबवा, म्हणजे डब्यातल्या लोहालाही संधी मिळेल. कॅल्शियम रात्रीच्या जेवणात. रिकाम्या पोटी लोह सोसलं नाही, पोटात ढवळलं, तर एखादा पेरू खाऊन घ्या, पण चपाती-भाजीबरोबर नको.

पित्ताची गोळी कुणी, कधी आणि किती दिवसांसाठी दिली होती? मला वाटतं ती दोन आठवड्यांसाठी दिलेली होती आणि चिठ्ठी कपाटात गेली, गोळी चालू राहिली. मुंबईत या गोळ्या लोक चण्याफुटाण्यासारख्या खातात. मात्र एकदम बंद केलीत तर आम्ल दुप्पट जोरानं उसळेल; डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवा. मेटफॉर्मिन बंद करायचं नाही. ते वर्षानुवर्षं घेतल्यावर आतड्याच्या शेवटच्या टोकाला बी-१२ चं शोषण घटतं, हे खरं, आणि १९८ हा आकडा त्याला साजेसाच आहे; पण त्यावर उपाय बी-१२ देणं हा आहे. १,००० मायक्रोग्रॅमची तोंडाने घ्यायची गोळी चालते. नेहमीची वाट बंद असली तरी एवढ्या मोठ्या डोसातलं सुमारे एक टक्का बी-१२ आतड्यातून तसंच झिरपून आत जातं, आणि तेवढं पुरतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर आधी इंजेक्शनं घ्यावीत.

ड जीवनसत्त्वाचं गणित वेगळं. ते आतड्यातून नीट शोषलं जातं, पण चरबीत विरघळतं आणि तिथेच मुरतं. रक्तात कमी दिसतं. अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितलं होतं, की लठ्ठ व्यक्तीला ड जीवनसत्त्व इतरांच्या दोन ते तीन पट लागतं. भाऊजींना दिलेला सॅशेचा कोर्स तुम्हाला पुरेल असं समजू नका, आणि तो दिवसातल्या सगळ्यात भरपेट, तुपातेलाच्या जेवणाबरोबर घ्या. ड नसेल तर आहारातलं १० ते १५ टक्केच कॅल्शियम आत जातं, पुरेसं असेल तर ३० ते ४०. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरतं आणि कॅल्शियमचं शोषण आणखी घटतं, तेव्हा हे काम आत्ताच करून ठेवलेलं बरं. उन्हाचं म्हणाल तर आठची गाडी आणि सातचा परतीचा प्रवास यात ऊन भेटणार कुठे? दुपारी डबा खाऊन फोर्टात पंधरा मिनिटं सावली सोडून चाला.

ताटाबद्दल थोडकं. पालक आणि बीट ही लोहाची खाण आहे ही समजूत सोडा. बिटाचा लाल रंग लोहाचा नसतो, आणि पालकातलं लोह फारसं सुटत नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे खाता म्हणता, तर तिसऱ्या आणा, सुकट-जवळा आणा, महिन्यातून एक-दोनदा कलेजी. प्राण्यांच्या मांसातलं लोह भाजीतल्यापेक्षा सहज आत जातं. इतर दिवशी मोड आलेल्या कडधान्यांची उसळ. मोड आल्यावर लोह बांधून ठेवणारं फायटेट घटतं. वरून लिंबू पिळा. पण लिंबावर फार भिस्त ठेवू नका. क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण वाढतं, ते लठ्ठ स्त्रियांत तितकंसं वाढत नाही असं मोजून पाहिलेलं आहे. बंद दाराशी कितीही गर्दी केली तरी दार उघडत नाही. आणि चटणी-कोशिंबिरीसारखी रोज एक मूठ डाळ किंवा अंडं तरी वाढवा, तुमच्या डब्यात नुसती चपातीच जास्त दिसते.

दिराच्या इंजेक्शनाविषयी. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही औषधं त्याच आतड्यातल्या जीएलपी-१ ची नक्कल करतात. वजनासाठी ती २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली. भारतीय शरीराला लठ्ठपणाची रेघ बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ वर धरतात, तुमचा ३४ आहे, काठावरची साखर आहे, तेव्हा तुमच्या डॉक्टरांशी हा विषय काढायला काहीच हरकत नाही. लाज तर मुळीच नको. पण हिमोग्लोबिन ९.६ वर असताना सुरुवात करू नये असं माझं मत आहे. या औषधांनी भूक मरते, मळमळ होते, जेवण निम्म्यावर येतं. आत जाणारं लोह आणि प्रथिनं त्यामुळे अजून कमी होतात. आधी साठा भरा. वजन उतरल्यावर हेपसिडिन उतरतं आणि लोह पुन्हा शोषलं जाऊ लागतं, हे लठ्ठ मुलांत आणि शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या माणसांत दिसलेलं आहे. तेव्हा 'वजन उतरवा' हे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं चूक नव्हतं, पण जिला पूल चढवत नाही तिने चालायला कुठून सुरुवात करायची हेही त्यांनी सांगायला हवं होतं.

नव्या वेळापत्रकाने चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन करा. साधारण १ ग्रॅम तरी वाढायला हवं. नाही वाढलं तर तोंडाने घेण्याचा हट्ट सोडून शिरेतून लोह द्यायला सांगा. ते आतड्याला वळसा घालून थेट रक्तात जातं, हेपसिडिनचा दरवाजा लागतच नाही. हॉस्पिटलात बसून, देखरेखीखाली घ्यायचं.

मुलीचं विचारलंत. तपासणी करा, हो. भारत आणि मोरोक्कोतल्या मुलांवरच्या २००८ च्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या मुलांत लोह कमी आढळलं, आणि लोह मिसळलेलं अन्न दिल्यावर त्यांची सुधारणाही कमी झाली. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि सीआरपी एवढं पुरे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती दप्तरातच ठेवते असं लिहिलंत. मधल्या सुट्टीत डबा खाऊन शाळेतच घेऊ दे, पोटात दुखण्याची भीती वाटत असेल तर दोन बायकांच्या गप्पांसारखं तिच्याशी बोला. जंताची गोळी वर्षातून दोनदा चुकवू नका. वाढत्या वयात तिच्या चपात्या मोजायच्या नाहीत, संध्याकाळचा क्लासबाहेरचा वडापाव आणि बाटलीतलं गोड पाणी कमी करता आलं तर बघा. आणि लॅबमध्ये नेताना वजनासाठी नेतेय असं तिला सांगू नका. पाळी सुरू झालेल्या मुलीचं रक्त तपासायचं असतं, एवढं कारण तिला पुरे.